दिवाळीतला गोवा, एक बादली आणि लेझर

माझा भाचा पुण्यात पीएचडी करतो. हवेत अगदी थोड्या प्रमाणात असणारे मिथेनसारखे वायू लेझरने मोजणं हा त्याचा विषय. नवरात्रात त्याचा फोन आला, "मावशी, मोजायचं यंत्र आता पाठीवर नेता येतं. मला खारं पाणी आणि गोडं पाणी जवळजवळ असलेली जागा हवी आहे. तुझी कुणी ओळखीची आहेत का गोव्यात?" माझी आतेबहीण माशेलला असते. माशेलपासून दिवाडीचं बेट जवळ, करमळीचं तळं जवळ. मी सावंतवाडीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि दिवाळीची सुट्टी लागतच होती. मीही निघाले.

पहिला दिवस : गच्चीवरचा श्वास

सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत दुपारी पणजी आणि तिथून दुसरी बस धरून माशेल. पेटी साडेदहा किलोची, शाळेच्या दप्तराएवढी. भाच्याने ती सगळा प्रवास मांडीवरून खाली ठेवली नाही. आतल्या आरशांना बसच्या टपावरचे हादरे सोसत नाहीत.

ताईने चहाबरोबर शंकरपाळ्या पुढे केल्या आणि विचारलं, "ह्या पेटयेंत कितें आसा?" भाच्याने तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण इतकं सोपं मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक वायूचा रेणू ठरावीक रंगाचाच प्रकाश गिळतो. मिथेन जे रंग गिळतो त्यातला एक १.६५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास आहे, डोळ्यांना न दिसणारा. पेटीतला लेझर वीजप्रवाह किंचित कमी-जास्त करून त्या रंगावरून पुढेमागे फिरवतात आणि किती प्रकाश गायब झाला ते बघतात. पण हवेत मिथेन असतो दहा लाख भागांत दोनाच्या आत-बाहेर, म्हणजे २ पीपीएम. एवढ्याशा वायूने गिळलेला प्रकाश वीतभर अंतरात कळणार कसा? म्हणून समोरासमोर दोन आरसे. ते ९९.९९ टक्के प्रकाश परत फिरवणारे असतील, तर २५ सेंटिमीटरच्या नळीत प्रकाश इतका येरझारा घालतो की त्याची वाट अडीच किलोमीटरची होते. ताईने पेटीकडे बघितलं, मग खिडकीतून लांबच्या डोंगराकडे. "इतल्या पयस?" इतक्या लांब? एवढंच म्हणाली.

२०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीतही लेझरने मिथेन शोधणारं असंच आरशांचं उपकरण आहे. हे मला माहीत होतं. पण तीच युक्ती ताईच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या सोलांशेजारी चालू झालेली पाहताना अंगावर काटा आला.

संध्याकाळी पहिलं काम म्हणजे नळीची परीक्षा. दहा मीटर लांब, आतून ४ मिलिमीटरची नळी, आणि पंप मिनिटाला एक लिटर हवा ओढणारा. मी नळीच्या तोंडाशी श्वास सोडला आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण ४ टक्के असतो, म्हणजे ४०,००० पीपीएम. बाहेरच्या हवेत ४२० च्या वर थोडा. त्यामुळे श्वास पोहोचला की पडद्यावरची रेघ उभी उडते. हिशेबाने साडेसात सेकंद लागायला हवे होते, लागले नऊ. पेटीच्या आतली हवा बदलायलाही वेळ जातो. ही दीड-दोन सेकंदं वहीत लिहून ठेवायची, नाहीतर पुढे कुठला आकडा कुठल्या जागेचा याचा सगळा गोंधळ होतो.

कुणी असं यंत्र घेऊन जाणार असेल तर एक सांगते. संस्थेचं पत्र लॅमिनेट करून पेटीलाच बांधा. आम्हाला ते जाताना एकदा आणि येताना एकदा दाखवावं लागलं, आणि दोन्ही वेळा दोन मिनिटांत काम झालं.

दुसरा दिवस : नरकासुर

नरकासुर आमच्याकडेही करतात, पण गोव्याचा थाट वेगळा. पहिल्या रात्री वाड्यावाड्यावर दोन-दोन माणूस उंचीचे पुतळे उभे होते, मुलं जागी, ढोल चालू. आम्ही पेटी गच्चीवर चालूच ठेवली होती. संध्याकाळी मिथेन २.० होता, रात्री दहाला २.३, पहाटे चारला २.८. आजूबाजूला नवीन काहीच घडलं नव्हतं. वारा पडला होता, जमीन गार झाली होती, आणि गार हवेचा थर गोधडीसारखा खाली बसला होता. दिवसभर जे वर पसरून जातं ते रात्री त्या गोधडीखालीच साठतं.

पहाटे पाचच्या आधी नरकासुर पेटला. आतलं गवत, कागद, फटाके सगळं एकदम. मतलई वारा नुकता सुटला होता, त्यामुळे धूर थेट आमच्या गच्चीवर. माझे डोळे चुरचुरले, घसा खवखवला. पडद्यावर कार्बन डायऑक्साइडने ६०० चा आकडा ओलांडला, पण मिथेन ३ च्या जरासा वर जाऊन थांबला. मी म्हटलं, "अरे, एवढा धूर आणि एवढंच?" तो म्हणाला, "मावशी, हे यंत्र धूर बघतच नाही. धुराचे कण वेगळे, गंधकाचा वास वेगळा. ज्या रेणूसाठी लेझर लावलाय, तेवढाच त्याला दिसतो."

सकाळी नळीच्या तोंडाचा पांढरा गाळणीकागद काढला तर काजळासारखा काळा. आकड्यात जे नव्हतं ते सगळं त्या रुपयाएवढ्या कागदावर बसलं होतं. मी तो वहीत चिकटवून ठेवला आहे, शाळेत दाखवायला.

मग अभ्यंगस्नान, तुळशीपाशी अंगठ्याखाली कारीट फोडणं, आणि फोव, म्हणजे पोहे. ताईने रोसातले, ताकातले, गोडाचे आणि बटाट्याचे असे चार तऱ्हेचे केले होते, सोबत काळ्या वाटाण्याचं तोणाक आणि आंबाड्यांचं सासव. रोसातल्या फोवांत नारळाचा रस कोमटच हवा, उकळी आली की फाटतो. ताई चुलीपुढून हलली नाही, आणि मीही तिच्याशेजारून हलले नाही.

दुपारी ढग गडगडले आणि परतीचा पाऊस तासभर कोसळला. काम बंद.

तिसरा दिवस : दिवाडी, उधाण आणि मानस

अमावास्येचा दिवस, म्हणजे उधाणाची भरती आणि तितकीच खोल ओहोटी. आम्ही हाच दिवस मुद्दाम निवडला होता. पहाटे रिक्षाने जुने गोवें, तिथून फेरीबोटीने दिवाडी. पायी जाणाऱ्याला तिकीट लागलं नाही. धक्क्यावर उतरलं की दोन्ही बाजूंना सपाट खाजन आणि मधून सरळ रस्ता. दूर टेकडीवर चर्च. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावरचं. पुढे तो देव नदीपलीकडे नार्वेला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मनातल्या मनात नमस्कार करून पुढे गेले.

खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली जमीन. पोर्तुगीज १५१० साली आले, त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही रचना. बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी दारं. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. ते बघायला आम्ही बांधावर बसलो होतो, तिथेच मानशीची राखण करणारे एक काका भेटले. सत्तरीचे असतील. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पागेर, म्हणजे फेकायचं जाळं.

"बाय, भरती आयली काय दार आपशींच धांपता," ते म्हणाले. "आमी फकत दोळो दवरपाचो." भरती आली की दार आपोआप मिटतं, आम्ही फक्त लक्ष ठेवायचं. साडेआठच्या सुमाराला खरंच फळी हलली, करकरली, आणि मिटली. फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या आत उडत राहिल्या, मग चिखल बसून त्याही थांबल्या. भाचा पेटी विसरून तिकडेच बघत बसला होता.

त्याआधी दोन तास आम्ही बादलीचं काम केलं होतं. दहा लिटरची साधी प्लास्टिकची बादली, तळाला दोन भोकं, दोन नळ्या, आत संगणकातला छोटा पंखा. चिखलावर ती उपडी दाबून बसवायची. आतली हवा पेटीत जाते, मोजून परत बादलीत येते. चिखलातून वायू निघत असेल तर आकडा चढत जातो, आणि तो किती वेगाने चढतो तेच खरं माप. नुसत्या हवेतला आकडा वाऱ्याच्या मर्जीवर असतो. बादलीखाली वारा नसतो.

पहिली बादली बांधाबाहेर, खारफुटीच्या मुळांशी, ओहोटीने उघड्या पडलेल्या काळ्या चिखलावर. तिथे नासक्या अंड्यासारखी घाण येत होती. माझी खात्री होती की इथे आकडा पळत सुटणार. दहा मिनिटांत तो २.०५ वरून २.३१ वर गेला. पुन्हा लावली, पाच पावलं पलीकडे. तेवढंच.

दुसरी बादली बांधाच्या आत, कापलेल्या कोरगुटाच्या शेतात. कोरगुट म्हणजे खारटपणा सोसणारं भात. पावसाळ्याच्या पाण्याने मीठ धुऊन निघालं की ते लावतात. तिथल्या चिखलाला वास जवळजवळ नव्हता, ओल्या पेंढ्याचा असतो तेवढाच. आकडा २.१ वरून ३.४.

भाच्याने मग बांधावर बसून समजावलं, आणि काका आमच्याइतकंच लक्ष देऊन ऐकत होते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव एकाच खाण्यावर टपलेले असतात, आणि सल्फेट असेपर्यंत पहिले जिंकतात. ते जिंकले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नासक्या अंड्याचा वास तो हाच. आपलं नाक त्याला अब्जांश भागातसुद्धा ओळखतं. मिथेनला वासच नसतो. थोडक्यात, त्या चिखलाची घाण हीच तिथे मिथेन कमी असण्याची खूण होती. मी वीस वर्षं मुलांना "दलदलीतून मिथेन निघतो" असं एका ओळीत शिकवलं. आता ती ओळ तशी शिकवता येणार नाही. अर्थात प्रत्येक खारफुटीत असंच असेल असं नाही. वरून सांडपाणी किंवा पुराचं गोडं पाणी आलं की हिशेब बदलतो.

काका म्हणाले, "मागीर गोड्या उदकांत चड?" मग गोड्या पाण्यात जास्त का? भाचा हसला. तेच बघायला उद्या करमळीला जाणार होतो.

अकराच्या सुमाराला खारे वारे सुटले आणि हवेतले आकडे सपाट झाले, कुठेही नळी धरा, १.९८ ते २.०. हवेतला आकडा घ्यायचा तर पहाट ते सकाळी नऊ हीच वेळ, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून निघायचं. बांधावर जायला त्या गावच्या माणसाला विचारूनच जा. मानशीतली मासेमारी लिलावाने दिलेली असते, आणि परकं कुणी दाराशी दिसलं की लोकांना काळजी वाटते. शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचं असेल, तर वनखात्याची परवानगी आधीच घ्या.

निघताना काकांनी केळीच्या पानात मूठभर सुंगटां, म्हणजे कोळंबी, बांधून दिली. ताईकडे लक्ष्मीपूजन, म्हणून ती कोळंबी शेजारच्या घरी गेली. आम्ही जुन्या गोव्यात पातळ भाजी, पाव आणि मिरचीची भजी खाऊन घरी परतलो.

चौथा दिवस : करमळी, आणि मग गाय

सकाळी सहाला करमळीच्या तळ्यावर. धुकं पाण्याला टेकलेलं, जांभळ्या पाणकोंबड्या वनस्पतींवरून चालत होत्या, पलीकडून कोकण रेल्वेची गाडी गेली. गाडीने आकडा हलला नाही. बांधावरून एक स्कूटर गेली तर कार्बन डायऑक्साइड लगेच उडाला.

इथे बादलीच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब बांधून ती पाण्यावर तरंगत ठेवली. वास काही नाही. कमळाच्या पानांचा हिरवट गंध, बस. आकडा हळूहळू २.१ वरून ५ पर्यंत चढला, दिवाडीच्या काळ्या चिखलाच्या दहापट वेगाने. भाच्याचं लक्ष रेघेवर, माझं पाण्यावर. आणि बादलीच्या अगदी बाहेर, माझ्या डोळ्यांसमोर, तळातून एक बुडबुडा आला. वाटाण्याएवढा. पाण्याच्या कातडीखाली क्षणभर अडकला, चपटा झाला आणि फुटला. त्याच्यामागून दोन. मग एक बादलीखाली गेला असणार, कारण नऊ सेकंदांनी रेघ सरळ वर गेली आणि ५ चा आकडा ५७ झाला.

मी वहीत तिथेच गणित केलं. दहा लिटर म्हणजे १०,००० मिलिलिटर. बुडबुडा एक मिलिलिटरचा आणि त्यातला निम्मा मिथेन धरला, तर ५० पीपीएमची वाढ. एका बुडबुड्याची! १७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माजोरे सरोवराच्या काठावर काठीने चिखल ढवळून, वर येणारे बुडबुडे भांड्यात धरले आणि हा वायू ओळखला. आमच्या हातात बादली होती, एवढाच फरक.

इथेच घात होता होता वाचला. बादलीपासून सोडवलेल्या नळीचं मोकळं टोक माझ्या हातात होतं. बुडबुड्यांकडे बघण्याच्या नादात हात खाली गेला आणि टोक पाण्यात बुडालं. पंप पाणी ओढायला लागला. आत आरशांपर्यंत पाणी गेलं असतं तर दौरा तिथेच संपला असता आणि दुरुस्तीला काही महिने. भाच्याने नळीच्या वाटेत औषधाची काचेची बाटली जोडली होती, पाणी पहिल्यांदा तिच्यात पडेल अशी. त्याने झडप घालून पंप बंद केला तेव्हा ती अर्धी भरली होती. तो एक शब्द बोलला नाही. मी दोनदा माफी मागितली, आणि उरलेली सकाळ ते टोक काठीला बांधून काठी जमिनीत रोवून ठेवली. ही बाटली न लावता पाण्याजवळ जाऊ नका. बाटली शंभर रुपयांच्या आतली आहे.

आज पाडवा, आणि गोव्यात गोरवांपाडवो. घरी परतलो तर शेजारच्या मावशींनी गोठा सारवला होता, गायीला आंघोळ घालून गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. त्यांनी पेटीबद्दल ऐकलंच होतं. "गोरवाचो ढेंकर मेजता तुमी?" असं त्यांनीच विचारलं, आणि नैवेद्याचं पान खाऊ घालून झाल्यावर परवानगी दिली.

गाय बसून रवंथ करत होती. भाच्याने नळीचं टोक तिच्या तोंडापासून हातभर लांब धरलं. गायीच्या पोटातला मिथेन बहुतेक सगळा ढेकरेतून, तोंडावाटेच येतो. गळ्याखालून गोळा वर सरकताना दिसायचा, ती चघळायला लागायची. मध्येच मान किंचित पुढे, एक हलकासा श्वास, आणि नऊ सेकंदांनी आकडा ३५, ४०, एकदा ६२. मग पुन्हा खाली. मिनिटभराने पुन्हा. गाय आमच्याकडे बघतही नव्हती. मावशी पडद्याकडे बघत होत्या आणि प्रत्येक वेळी रेघ उडाली की गायीच्या मानेवरून हात फिरवत होत्या, जणू तिने काही कामगिरी केली होती.

त्यांनी मग साधा प्रश्न विचारला, "हें वायट?" हे वाईट का? भाच्याने खरं तेच सांगितलं. मिथेन उष्णता धरून ठेवतो, शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ तीसपट. १७५० च्या सुमाराला हवेत तो ०.७ पीपीएमच्या आसपास होता, आज १.९ च्या वर आहे. पण हवेत तो दहाएक वर्षंच टिकतो, त्यामुळे कमी केला तर फरक एका पिढीत दिसतो. "आणि तुमच्या एका गायीने काही होत नाही," तो म्हणाला. मावशींनी त्याला पोळीचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, वर्षभर घरच्या दुधाचा चहा आहे, कधीही या.

रात्री गच्चीवर आम्ही चारही जागांचे आकडे एका पानावर मांडले. नाकाने लावलेला क्रम आणि पेटीने लावलेला क्रम बरोबर उलटा होता. फटाके आणि काळा चिखल एकीकडे, तळं आणि गाय दुसरीकडे. मला रात्री बराच वेळ झोप लागली नाही. शाळेशेजारून जो उघडा नाला जातो, त्याची तक्रार आम्ही फक्त वास आला की करतो. बाकीचे महिने तिथे काय चालतं ते आम्ही कधी पाहिलेलंच नाही.

पाचवा दिवस : परत

भाऊबीज. भाच्याला रात्रीपर्यंत पुण्याला बहिणीकडे पोहोचायचं होतं, म्हणून पहाटेच निघालो. ताईने दोघांना ओवाळलं आणि फोवांचा डबा दिला. निघण्याआधी त्याने प्रमाणित वायूच्या छोट्या टाकीने यंत्र पुन्हा तपासलं. चार दिवसांच्या दमटपणात आणि धक्क्यांत त्याचं माप सरकलं असतं, तर सगळे आकडे दुरुस्त करावे लागले असते. फरक नगण्य निघाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऊन पडलं.

सावंतवाडीला मी उतरले, तो पुढे गेला. बादली मात्र त्याने माझ्याकडे ठेवली, भोकांना बूच लावून. संध्याकाळी मोती तलावाच्या कठड्याशी उभी होते. पाणी शांत होतं, वास काही नव्हता. पायऱ्यांपासून दोन हातांवर एक बुडबुडा वर आला, चपटा झाला, फुटला. मी घड्याळ लावलं. दहा मिनिटांत सतरा मोजले. तेवढेच वहीत लिहून त्याला पाठवले. मेच्या सुट्टीत पेटी घेऊन येतो म्हणाला आहे.